बेटाचं बारसं

साखर पेठेतल्या आमच्या डीटीपीच्या खोलीत
कूलरचं पाणी सकाळीच संपलंय.
बाहेर चव्वेचाळीस. पडद्यावर उत्तर ध्रुव.

शाळेच्या नकाशांचं काम आहे,
एका नावाला दीड रुपया.
मोहरीएवढ्या बेटांना देवनागरी चढवायची,
सहा पॉइंटात, मात्रा तुटू न देता.

कुण्या कप्तानाला धुक्यात दिसलं, त्याने वहीत लिहिलं:
हे जहाजाला पैसे देणाऱ्याचं. हे त्याच्या सासूचं.
हे स्वयंपाक्याचं, तो त्याच दिवशी गेला म्हणून.
एकाचं नाव नुसतंच मंगळवार.
उतरलं कुणीच नाही, लाटा होत्या.
पुढच्या जहाजाला त्यातली दोन सापडलीच नाहीत.
हिमखंड असतील, किंवा झोप अपुरी.
तरी नकाशात राहिली,
आमच्या गिरणीच्या थांब्यासारखी:
गिरणी नाही, भोंगा नाही,
कंडक्टर अजून ओरडतो, मिल, मिल, उतरा चला.

आज ऐंशी अंशांच्या वर एक ठिपका सापडला,
यादीत नसलेला.
कोंडा सर चष्मा न लावताच म्हणाले,
शाई असेल. पुसून टाक.
मी मोठा करून पाहिला. कडा होत्या त्याला.
एका अंगाला खाच,
होडी लागावी अशी.

संध्याकाळी घरी राजमणीआत्या
सूप मांडीवर घेऊन पानं कापत होती.
हजार विड्या झाल्याशिवाय मान वर करत नाही.
घरातल्या अकरा पोरांच्या कानात
कुर्र् करून नाव सांगितलंय तिने.
(माझंही. शाळेत ते चुकीचं लिहिलं गेलं, तेच राहिलं.)

आत्या, एक बेट आहे. बर्फात. नाव नाही त्याला.
'राहतं कोण?'
कुणी नाही.
'झाड?'
नाही.
'मग हाक कोण मारणार?'
तिने दोरा तोडला, विडी टोपलीत टाकली.
'नाव काय मिरवायला असतं रे?
जेवायला बोलवायला असतं.'

रात्री वीज आल्यावर परत येऊन बसलो.
ठिपक्याशेजारी टाइप केलं: राजमणी.
चार अक्षरं, खाचेपर्यंत नीट बसली.
कर्सर बराच वेळ लुकलुकत होता.
मग पुसलं, जागा मात्र ठेवली.

सकाळी सरांनी विचारलंच,
इथे रिकामं कशाला सोडलंयस?
म्हटलं, बारा दिवस होऊ देत.
सर काही बोलले नाहीत,
बादली घेऊन नळावर गेले.