खोट

आइत उग्नीच्या मंगळवार बाजारात, भर दुपारी,
मी त्याचे दात पाहिले, खूर उचलून पाहिले,
पोटाखालून हात फिरवला.
मुहा म्हणाला, चालवून बघ. चालवलं.
चार हजार तीनशे दिरहम.
हातावर हात पडला,
शेजारचा पुदिनावाला साक्षीला.

डोळे? पाहिले ना, फकीहसाहेब.
पण दुपारी पाहिले.

घरी पोचेस्तोवर सूर्य खिंडीमागे गेला
आणि खेचर ओढ्याच्या काठावर थिजलं.
कान पुढे, पाय रोवलेले,
समोर वीतभर पाणी नव्हे, विहीर असावी तसं.
इत्तोने कंदील त्याच्या नाकाशी धरला.
"बास्सू, रातांधळं आहे हे."
आणि वर म्हणाली, पदरी पडलं, पवित्र झालं.
त्या वाक्याने मला दोन रात्री झोप नाही.
पवित्र कसं झालं? पैसे माझे होते.

तुम्हीच सांगितलंत,
खोट जुनी आहे, तुझ्या गोठ्यातली नव्हे,
तेव्हा हक्क तुझा.
परत दे आणि सगळे पैसे घे,
नाहीतर ठेव आणि गप्प बस.
पण खोट कळल्यावर
तुझं एक पोतं जरी त्याच्या पाठीवर चढलं
तर ते पोतंच तुझी कबुली.
मग तोंड उघडू नकोस.

म्हणून मी चालत निघालो.
खेचर दोरीला, खोगीर रिकामं,
तीन तासांची वाट, डाव्या टाचेला फोड.
खालच्या वळणावर तूदा भेटली,
गॅसचे दोन रिकामे सिलिंडर घेऊन बसलेली.
"लाद की रे."
म्हटलं, नाही जमत. हक्क जातो.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की रातांधळा मीच.
शेवटी लादले.
काम तिचं होतं, माझं नव्हे.
उतरताना तिने मूठभर अक्रोड दिले,
ते भाड्यात धरायचे की नाही
तुम्ही ठरवा.

मुहाच्या दारात त्याचा मुलगा जव चाळत होता.
"बाबा शहरात गेलेत, डोळ्यांच्या दवाखान्यात.
दोन वर्षं झाली,
दिवस कलला की त्यांना समोरची भिंत दिसत नाही.
आम्ही ओट्यावरून उठू देत नाही.
खेचर? संध्याकाळी ते कुठे बाहेर असायचं?
दोघं एकदमच घरात यायचे."

तो पैसे आणायला आत वळला.
खरंच वळला, मी उगाच नाव ठेवणार नाही.
पत्र्याच्या डब्याचं झाकण निघाल्याचा आवाजही ऐकला मी.

मग मी काय म्हणालो ते नीट आठवत नाही.
मोठं काही नसावं.
चहा झाला, दुसरा झाला,
ऊन भिंतीवरून उंबऱ्यापर्यंत आलं,
आणि मी उठून खोगिरावर बसलो,
त्या पोराच्या देखत, दोन्ही पाय रिकिबीत.
संपला हक्क.
टाचेला बरं वाटलं, एवढंच.

खिंडीपर्यंत उजेड होता,
तोवर त्याने मला नेलं.
पुढे मी उतरलो
आणि मोबाइलचा टॉर्च
त्याच्या पुढच्या खुरांवर धरून
उलटा, तिरका, ठेचकाळत चालत राहिलो.
ओढ्यापाशी ते थांबलं.
मी आधी पाण्यात उतरलो, पाणी वाजवून दाखवलं.
मग आलं.

चार हजार तीनशे. अजून बोचतात.
इत्तोने काही विचारलं नाही
त्यामुळे जास्तच.

छे, तक्रार नाही आणलेली मी.
प्रश्न दुसराच आहे.
उद्या मी ते बाजारात नेलं
तर घेणाऱ्याला आधी सांगावं लागेल ना?
त्याने विचारलं नाही तरी?
भर दुपारी?

नाही हो, विकतोय कुठे.
विचारून ठेवतो.