तेवीस मिनिटं

सालमियात, समुद्राकडे पाठ केलेल्या इमारतीत,
तिसऱ्या मजल्यावर, खाली कुबूसची भट्टी,
मी सिनेमे कापतो.
पाटीवर तसं लिहिलेलं नाही.
पाटीवर आहे: वितरण व तांत्रिक सेवा.
चिपळूणला सांगितलंय, एडिटर आहे.

परवाचा सिनेमा एका नटाचा होता.
गोष्टीतलाच नट, फार मोठा,
विमानतळावर पोरी ज्याच्या शर्टाची बटणं ओरबाडायच्या
आणि ज्याला हॉटेलातली एकही रात्र एकट्यानं निभत नसे.
पुढे व्हायचं तेच: बायको जाते, कामं जातात,
रिकाम्या थिएटरात तो हमसून रडतो,
आपण शहाणे होऊन घरी जायचं.

दोन तास नऊ मिनिटं.
उस्ताद फौजी शेजारी बसून बोट हलवत गेले,
इथून, इथपर्यंत.
इथून, इथपर्यंत.
रिळांच्या काळापासून कापताहेत, अंगठ्यावर ब्लेडचा जुना व्रण.
तेवीस मिनिटं गेली.
उरलं ते असं:
माणूस दार वाजवतो. दार उघडतं.
सकाळ होते.
दुसरं दार. सकाळ.
लिफ्ट. दार. सकाळ, आणि टेबलावर अर्धं सफरचंद.
मग बायको म्हणते, तुला लाज कशी नाही,
आणि सगळं जग त्याच्यावर थुंकतं.
"धडा शाबूत आहे," फौजी म्हणाले
आणि चहा मागवला.

शुक्रवारी तिकीट काढून गेलो.
बाहेर धुळीचं वादळ, आत गारठा, वीसेक माणसं.
मध्यंतरानंतर मागून चक्क मराठी आलं:
"पण त्या बिचाऱ्यानं केलं काय एवढं?"
बाई म्हणाली, "दारं वाजवली."

ज्यानं हा काढला त्याचंही मला कौतुक नाही.
त्याचा कॅमेरा पाठींवरून, गुडघ्यांवरून फिरला
सावकाश, जिभेसारखा,
आणि शेवटच्या दहा मिनिटांत हात जोडून उभा:
बघा हं, वाईट असतं हे.
करून सवरून नामानिराळा.
आणि मी? मला तर पगार आहे
इतरांनी बघू नये म्हणून बघण्याचा.

तेवीस मिनिटं एका फोल्डरात पडून होती.
नियम मोडून ती फोनवर घेतली.
फरवानियाच्या खोलीत आम्ही सहाजण,
एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं,
वरच्या बाकावर शहाबुद्दीन भिंतीकडे तोंड करून.
पांघरुणाखाली पाहिली.
कामासाठी नव्हे. हे लिहून टाकतो,
म्हणजे पुढचं कुणाला उपदेश वाटणार नाही.
गोष्ट काढून घेतली की काय उरतं?
घाम, घड्याळ, परत घाम.
पाचव्यांदा बघताना थांबवलं, चौदाव्या मिनिटाला.
तिचा चेहरा उशीत.
आणि त्याची नजर तिच्या खांद्यावरून, खिडकीबाहेर,
समोरच्या इमारतीवर, चार मजली उंच,
त्याचंच पोस्टर, दिव्यांत न्हालेलं.
उपाशी माणसानं दुसऱ्याच्या पंगतीकडे बघावं
तसा तो बघत होता.
दीड सेकंद.

त्या सिनेमात काही शिकण्यासारखं असेल
तर ते तेवढंच होतं,
आणि ते मीच कापलं होतं.
रडणं ठेवलं.
रडण्याला कात्री लागत नाही.

सहाव्यांदा लावलं. हो, कळल्यावरही.
"झोप आता," शहाबुद्दीन म्हणाला,
कूस न बदलता.

सकाळ. लिफ्ट. खाली कुबूसचा वास.
चिपळूणहून फोन, रात्री काय केलंस?
इथून, इथपर्यंत.
झोपलो, म्हटलं.