सोळावा चौकोन

घणसोलीत, पालिकेच्या शाळेची भिंत.
मुकादमाने यादी तोंडीच दिली:
जर्मन म्हणजे पिंजारलेले केस,
इंग्रज झाडाखाली, सफरचंद ठसठशीत काढ,
जपानी असला तर चष्मा,
आपला असला की गंध लाव, ओळखू येतो.
एक बाई आहे, पोलंडची.
“फ्रान्सची,” रिक्षावाला म्हणाला.
दोघांचं जुंपलं, चहा निवला.

हसुराम घरतांनी गंध पुसून पाहिलं:
तोच माणूस इटलीचाही दिसला.

सोळावा चौकोन रिकामाच.
पावणे एमआयडीसीतल्या लॅबमधून सुटलेली भाची
सायकल टेकवून बघत राहिली.
“उभी रहा. तुलाच काढतो.”
“कुठल्या देशाची, विचारतील ना मामा.”
“इचारूदे.
अ‍ॅप्रनचा खिसा
फाटलाय तो कुठल्या बाजूला,
तेवढं सांग.”