येणे बाकी

सोमवारी उद्यमनगरात लेथ गप्प असतात.
त्या सोमवारी दस्तगीर मुजावरनं
पंख्याच्या वाइंडिंगचं नवं रीळ पिशवीत टाकलं,
छत्तीस गेज, केसासारखी तार,
आणि म्हणाला, स्कूटर काढ.

पन्हाळ्याच्या पलीकडं मसाई पठार.
वाळलं गवत, एक म्हैस,
आणि वारा, अंगातला सदरा मागून घेणारा.
पतंग त्यानं रात्रीच बांधलेला,
बुरुड गल्लीतल्या कामट्या, खताच्या पोत्यातलं प्लॅस्टिक.

"ऐक. उघड्या रानात नुसता उभा राहिलास
तरी टाचेपासून टाळूपर्यंत दीडशे व्होल्ट.
आणि वर, जिथं वारासुद्धा विरळ होतो,
तिथं गोदामच हाय.
कुलूप कुणी लावलेलं नाही."

मग झटका कसा बसत नाही, मी विचारलं.
तो हसला.
"व्होल्टेज हाय, करंट नाही.
आमच्या घराण्यासारखं."

पतंग चढत गेला, ठिपका झाला.
दोनशे मीटर तार. हिशेबानं वीस हजार व्होल्ट.
वीस हजार!
मी मनातल्या मनात गंगावेशीपासून
ट्यूबा लावत सुटलो,
शाहूपुरीत येऊन माझ्याच ट्यूबा संपल्या.

तार सोड्याच्या बाटलीला गुंडाळली.
टेस्टरचं एक टोक तारेला,
दुसरं जमिनीत ठोकलेल्या सळईला.
उन्हात दिसायचं नाही म्हणून
घोंगडं डोक्यावर घेऊन दोघं पालथे पडलो,
विडीचा वास, गवताची कुसळं, कोपरं.

काही नाही.
बराच वेळ काही नाही.
म्हैस जवळ येऊन हुंगून गेली.

मग टेस्टरच्या पोटात
डाळिंबाच्या दाण्याएवढं काहीतरी
लुकलुकलं.
विझलं.
मी आकडे मोजले. अकराव्याला परत लुकलुकलं.

"एवढंच?"
दस्तगीर लगेच बोलला नाही.
मग घोंगड्यातल्या अंधारात म्हणाला,
"लई वरनं आलंय. दमलं असंल."

मंगळवारी दुकानात लाईट नव्हती.
दारातल्या उजेडात त्यानं उधारीची वही उघडली.
चौगुले, खोतवाडी, पंप, नऊशे.
त्याच्या खाली, त्याच अक्षरात:
आभाळ. टेस्टर लागला. बाकी येणे.
त्याच्या खाली कळंब्याचा सलूनवाला, पंखा, दीडशे.

सलूनवाला परवा देऊन गेला.