थर्मास

पहाटे साडेचारला इलाही बेपारी
टोणग्याचं पोट उघडतो
आणि मला हाक मारतो, "या साहेब, गरम हाय."
मी साहेब नाही.
पशुखाद्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतो,
लेबलं चिकटवतो, आणि आठवड्यातून दोनदा
गरम पाण्यानं विसळलेला थर्मास घेऊन
गावाबाहेर इथं येतो.

पोट कसलं, डेराच.
आतून टर्किश टॉवेलसारखा खरखरीत,
त्यात कालचे वाढ्याचे तुकडे, सरकी,
आणि एक गंजका खिळा.
चौपदरी मलमलीतून मी पिळून घेतो
शेवाळी पाणी.
वास आंबोणाचा, थोडा शिळ्या ताकाचा.
झाकण लगेच गच्च. हवा लागली की मरतात.

कोण मरतात, इलाहीनं एकदा विचारलं होतं.
मी सांगितलं, काचेखाली एका थेंबात
सांजच्या गंगावेशीएवढी गर्दी असते,
केसाळ, गोल, लांबट, धडका देत फिरणारी;
गवत आंबवायचं काम त्यांचं,
जनावर नुसतं चघळतं.
"आन् जनावर मेल्यावर?"
त्यांना अजून कळलेलं नसतं.
तो सुरी पुसत गप्प राहिला. मग म्हणाला,
"आमचा आज्जा असाच. दुकान पाडलं,
तरी रोज सकाळी किल्ली घेऊन जायचा."

एरवी हे पाणी आमच्या नळकांड्यांत जातं.
एकोणचाळीस अंशांवर डॉक्टर शर्वरी इंगवले
त्यात चिमूट सोडतात:
एकात यीस्ट, एकात खायचा सोडा,
एकात हिरड्याची भुकटी,
एकात काहीच नाही.
सिरिंजचा दट्ट्या हळूहळू वर येतो,
किती ढेकर झाला ते मी वहीत लिहितो.
काहीच नाही, तेही मोजावं लागतं.
पहिला महिनाभर मला हे पटलंच नव्हतं.

आज थर्मास तिकडं गेला नाही.
वडणग्यात हौसाक्का लंबेचा टोणगा
दावं तोडून गुऱ्हाळात शिरला होता,
काकवीचा आख्खा डबा चाटून आला.
दोन दिवस रवंथ नाही.
डाव्या भकाळीत मूठ दाबली
तर खड्डा तसाच राहतो, कणकेत राहतो तसा.
बाईंनी नळी घालून त्याचं पाणी काढलं, काचेखाली धरलं.
फोनवर एवढंच म्हणाल्या,
"एकही हलत नाही. ये लवकर."

शिवाजी पुलावर धुकं.
समोरून दुधाचे कॅन शहराकडं चाललेले,
आणि मी उलटा, स्वेटरच्या आत
मेलेल्याचं ऊन पोट घेऊन.
खड्डा आला की आत डुचमळतं.
सांभाळा रे, मी म्हणालो, मोठ्यानं.

आधी सोडा पाजला, मग हे.
हौसाक्कानं जबडा धरला, मी बाटली,
बाईंनी घशाची नळी.
म्हशीला टोणगा झाला की लोक दूध तोडतात त्याचं,
हौसाक्का नाही तोडत. दोन वर्षं पोसते, मग विकते.
कुणाला, ते मला ठाऊक होतं.
इलाहीनंच सकाळी विचारलं होतं,
"लंबेवाल्यांचा ना? माझाच हाय त्यो, पौषातला."
आणि पिळताना मलमलीचं दुसरं टोक धरलं होतं.

दुपार झाली. बाई भकाळीला कान लावून बसल्या.
हौसाक्का म्हणाली, "जायाचाच हाय त्यो.
पर असा उपाशी न्हाई."
मला काही बोलता आलं नाही,
मी थर्मास धुतला. वास जात नाही त्याचा.

तीनच्या सुमाराला आत काहीतरी सरकलं,
दूर कुणी पाटा ओढावा तसं.
मग गळ्यातून एक गोळा वर चढताना दिसला,
आणि त्यानं जबडा फिरवला,
आडवा, सावकाश,
डोळे कुठंच न बघणारे.

मी मोजलं. एका घासाला एकेचाळीस.
वहीत त्यासाठी रकाना नव्हता,
समासात लिहून ठेवलं.