साडेसहा इंची

बोअरमध्ये कॅमेरा सोडायचा माझा धंदा.
औसा रोडला गॅरेजशेजारी पत्र्याचं दुकान,
पाटीवर: मन्मथ बोअर स्कॅनिंग, अडकलेली मोटार काढून मिळेल.
बारा वर्षं भोक तेच, साडेसहा इंची,
खोली कुठं चारशे फूट, कुठं आठशे,
आणि मी वर, पालथ्या बादलीवर,
वितीएवढ्या पडद्यात बघत:
मुरूम, काळा पाषाण, लाल पट्टा,
तुटका पाइप, आणि एकदा एक बेडूक
तीनशे फुटांवर जिवंत, उजेडाकडं तोंड करून.

मालक विचारायचा, काय दिसू लालंय?
मी म्हणायचो, काही नाही. बुजवून टाका.
केबल गुंडाळायचो, पैसे मोजायचो.

रक्त पडायचं त्याला मी आठ महिने मूळव्याध म्हणालो.
सुरण खाल्लं, ताक पिलं,
मुरूडच्या एकानं पुडी दिली, तीही घेतली.
असल्या जागेचं दुखणं माणूस
चपलेसारखं दाराबाहेर काढून ठेवतो.
शिवकांतानं धुण्यात पाहिलं
आणि काही न बोलता रिक्षा बोलावली.

डॉक्टर काझीबाईंनी दुर्बीण घातली,
पडदा माझ्याकडं वळवला.
बघा, म्हणाल्या, हे तुमचं आहे.
गुलाबी, ओलं, वळणावळणाचं,
आणि शेवटच्या वळणावर ते बसलेलं,
कडा उचललेल्या, मधे खड्डा.
मला तो बेडूक आठवला.
ह्याला मात्र उजेडाचं काही नव्हतं.

पोट फाडायचं नाही, म्हणाल्या.
चार भोकं अर्ध्या इंचाची,
एक जरा मोठं, तुकडा बाहेर काढायला.
मी विचारलं, केसिंग टाकता का?
त्या हसल्या. तसंच काहीसं टाकतो.
आत हवा भरतो, म्हणजे हात चालायला जागा होते.
आणि मधेच अडकलं तर?
तर फाडावं लागेल. त्याची सही वेगळी.
बाई गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी सगळ्या वॉर्डाला एकच चिंता,
अप्पाचा वारा सरला का?
पहाटे पोटावरची पिशवी फुगली,
सिस्टरनं पेढे वाटल्यासारखं सगळ्यांना सांगितलं,
मला अर्धा कप चहा मिळाला.

शेजारच्या कॉटवर पटेलचाचा.
त्यांचं आत फुटून आलं होतं, वेळच नव्हता,
बेंबीच्या वरून खालपर्यंत टाके,
खोकला आला की उशी पोटाला धरायचे.
मी सहाव्या दिवशी पायऱ्या उतरलो
तेव्हा त्यांच्याकडं बघायची लाज वाटली.
आतलं काम दोघांचं एकच, बाई म्हणाल्या होत्या,
दार तेवढं वेगळं.

चौदा गाठी तपासल्या.
बारा चांगल्या, असं आधी नाही सांगितलं त्यांनी.
कागद फिरवून माझ्यासमोर धरला,
दोन, म्हणाल्या, आणि थांबल्या.
मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, तिथी-वारासकट.
मग औषधाच्या आठ फेऱ्यांचं बोलणं झालं.

पिशवी बदलायला शिवकांता माझ्याआधी शिकली.
लग्नाला एकोणतीस वर्षं,
माझ्या आतलं तिनं आत्ता बघितलं.
रंग बरा आहे, म्हणाली,
वरणाला म्हणते तसं.

चैत्रात पिशवी निघाली. तिथं रुपयाएवढा व्रण.
भोकांच्या जागा सदऱ्याखाली शोधाव्या लागतात.
स्कॅन दोन झाले. तिसरा आषाढात.

काल क्लासच्या पोरांच्या होस्टेलवर गेलो होतो.
मालकीणबाई बोअरपाशी उभ्या,
वरच्या गॅलरीतून चाळीस पोरं वाकलेली.
पाचशे साठ फुटांवर भिंत चमकली.
काय दिसू लालंय अप्पा?
जुनं उत्तर ओठावर आलं होतं.
पडदा त्यांच्याकडं वळवला.
बघा, म्हणालो, इथं ओल आहे.
किती, ते मला माहीत नाही.
त्या वाकल्या, पदर सावरत, बराच वेळ बघत राहिल्या.
मी केबल गुंडाळली नाही.

मग हळूच विचारलं,
बाई, तुमच्याकडं संडास कुठं आहे?
दिवसातून सहादा जावं लागतं आता,
आणि थांबायला सांगितलेलं त्याला कळत नाही.