पाच कुत्री, एक कुंपण

एलेउतेरियो बार्रिया दुकानात आला
तेव्हा बिस्किटांचा पत्र्याचा डबा छातीशी होता
आणि दार आपटलं, नेहमीसारखं.
पोर्वेनीरमध्ये दार कुणी लावत नाही, ते लागतं.

डब्यात पाच फोटो. पाच कुत्री.
चव्वेचाळीस वर्षांची मेंढरं त्यांनी वळलेली.
"एकत्र बसव," म्हणाला, "कुंपणापाशी, एका रांगेत.
एकमेकांना कधी भेटली नाहीत ती.
एक गेलं की दुसरं आणायचो."

लग्ना-बाप्तिस्म्याच्या फोटोंतून
नकोसे झालेले मेहुणे मी पुष्कळ पुसलेत.
कुणाला आणून बसवायचं काम पहिलंच.

नेग्रा कृष्णधवल, घडीची रेघ नेमकी नाकावरून.
मोरो उडून विटकरी झालेला, त्याच्याखालचं गवतही विटकरी.
चिस्पा वारं प्यालेली, एका जागी ठरेना, म्हणून तीन कान.
लुसेरो ठीक.
आणि पुल्गा मोबाइलमधली, अजून जिवंत,
बाहेर गाडीत बसून माझ्या पाटीवर भुंकत होती.
तिचा एकेक केस इतका लख्ख
की शेजारी बाकीची चौघं भुतं वाटावीत.
शेवटी तिलाच थोडं धूसर केलं.
जिवंतानं जरा मागे सरकायचं, दुसरं काय.

सावल्या सगळ्यांच्या काढून घेतल्या
आणि दुपारी चारचा एकच सूर्य ठरवून
पाचांना नव्या वाटल्या.

मोरोच्या गळपट्ट्यात एक हात होता.
मनगटापर्यंतच; पुढे फोटोची कड.
बाईचा हात, अंगठ्याला चिंधी बांधलेली.
तो खोडला आणि भोक बुजवायला
लुसेरोच्या मानेचे केस उसने आणले.
छान बसले. मला तरी वाटलं.

म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर चढवला,
नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकला.
"हे केस मोरोचे नाहीत."
एवढंच. हात कुणाचा ते तो बोलला नाही,
मी विचारलं नाही.
त्या रात्री हात परत ठेवला,
आणि तुटकं मनगट दिसू नये म्हणून
पुल्गाला वीतभर डावीकडे घेतलं.
ते तिच्यामागे गेलं.

शुक्रवारी म्हणाला, "वारा चुकलाय."

कान बघ, म्हणे.
चौघांचे कान उजवीकडे उडालेत, लुसेरोचे डावीकडे.
कुंपण एक, रांग एक, आणि वारे दोन?
खरंच होतं. इथं वारा पश्चिमेचा, बारा महिने;
झाडंसुद्धा पूर्वेला वाकूनच वाढतात,
जन्मभर काहीतरी हरवल्यासारखी.
उजेड जुळवता येतो मला, रंग, दाणे, धूळही.
वाऱ्याचं बटण कुठल्या प्रोग्रॅममध्ये असतं?

लुसेरोला आरशासारखं उलटं केलं. एक टिचकी.
कान जुळले.

"पांढरा डाग डाव्या डोळ्यावर होता त्याच्या,"
म्हातारा म्हणाला. "त्या बाजूनं दिसायचं नाही त्याला.
म्हणून माझ्या डाव्या हातानं चालायचा कायम.
मी दिसावा म्हणून."

"नुसते कान फिरवू?"

"कान म्हणजे काय टोपी आहे?"

मग आम्ही दोघं नुसते बसलो.
छपराचा पत्रा वाजत होता, पश्चिमेकडचा.
माझा चहा निवला. त्यानं घेतलाच नव्हता.

"डोळा राहू दे," शेवटी म्हणाला.
"त्या दिवशी पूर्वेचा होता वारा. येतो एखादवेळी."

मी याच गावात जन्मले.
काही बोलले नाही.

छापून दिला. पैसे त्यानं नाण्यांत मोजले,
फोटो कोटाच्या आत घातला, बटणं लावली.
गाडीत बसल्यावर मात्र काढून पुल्गापुढे धरला.
तिनं हुंगलं: शाई, कागद, माझी बोटं.
मग खिडकीतून तोंड बाहेर काढलं,
डोळे बारीक केले,
कान सपाट मागे.